मोल्सवर्थ कोशाची १८५७ ची प्रत मिळालीय, आधी कुणाकुणाकडे होती ते कसं शोधू?

पानगळ७
नमस्कार मंडळी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती, १८५७ ची, एका जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतली. शीर्षकपान जागेवर आहे, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीज प्रेसमध्ये सरकारसाठी छापल्याचं त्यावर आहे, सुरुवातीचा जॉन विल्सनचा मराठी भाषेवरचा निबंधही पूर्ण आहे. खरं तर शब्द बघायला मला हिची गरज नव्हती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर अख्खा कोश शोधता येतो आणि घरात १९७५ चं शुभदा-सारस्वतचं पुनर्मुद्रण आहेच, पण ही प्रत उघडली आणि आतल्या खुणा बघून खाली ठेववेना. दीडशे वर्षांत इतक्या हातांतून गेलेलं पुस्तक आहे आणि ते हात कुणाचे हे कळल्याशिवाय आता चैन पडत नाहीये.

काय काय आहे ते सांगतो. पुढच्या कोऱ्या पानावर मोडीत दोन-तीन ओळी आहेत, शाई तपकिरी पडलीय, मला मोडी येत नाही पण आकडे ओळखू येतात, १७८ आणि पुढचा आकडा नेमका कसरीने खाल्लाय. शीर्षकपानावर जांभळा गोल शिक्का होता, तो कुणीतरी ब्लेडने खरवडलाय, कागद तिथे इतका पातळ झालाय की उजेड आरपार दिसतो. विल्सनच्या निबंधाच्या पहिल्या पानावर अगदी वर इंग्रजी सही आहे, पण पुन्हा बाइंडिंग करताना कडा कापल्या त्यात सहीचा वरचा अर्धा भाग गेला. पान ५१ वर खाली शिवणीच्या बाजूला लाल शाईत 'को ३१७' असं लिहिलंय. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काही शब्दांशेजारी समासात बारीक बाळबोध अक्षरात कुणीतरी जास्तीचे अर्थ लिहिलेत, बहुतेक सगळे शेतीचे शब्द, औत, कुळव, पाभर असे.

यातून मालकांची साखळी लावता येईल का? सुरुवात कुठून करू? विक्रेत्याला विचारलं, त्याला एका वाड्यातल्या रद्दीत मिळाली एवढंच तो सांगतो.

जुना_ग्रंथपाल
पानगळ, सुरुवात 'को ३१७' पासून करा. बाकी सगळ्या खुणांपेक्षा ती जास्त बोलकी आहे.

मी बरीच वर्षं तालुक्याच्या वाचनालयात काम केलंय म्हणून सांगतो, आपल्याकडे प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं गुप्त पान असतं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाच्या त्याच नंबरच्या पानावर दाखल अंक लिहायचा किंवा छोटा शिक्का मारायचा. कुठे २१, कुठे ५१, कुठे १०१. पुस्तक चोरून विकणारा शीर्षकपानावरचा शिक्का खरवडतो, पहिलं पान फाडतो, पण आत कुठल्या पानावर काय आहे हे त्याला माहीत नसतं. तुमच्या प्रतीत नेमकं तेच झालेलं दिसतंय. 'को' म्हणजे बहुतेक कोश विभाग आणि ३१७ हा त्या विभागातला किंवा एकूण दाखल अंक. एवढ्या जाड पुस्तकाला इतका लहान नंबर म्हणजे वाचनालय लहान असेल किंवा पुस्तक फार आधी दाखल झालं असेल.

आता वाचनालय कुठलं हे शोधायचं. खरवडलेल्या शिक्क्याचा नाद इतक्यात सोडू नका. जांभळी शाई कागदात खोल मुरते, तेव्हा शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरच्या पानावर बघा. शिक्का ओला असताना पुस्तक मिटलं असेल तर समोर त्याचा उलटा ठसा उमटलेला असतो. मोबाइलने फोटो काढून आडवा फिरवला, म्हणजे आरशातल्यासारखा, की अक्षरं सुलट होतात. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मिळतो तोही लावून बघा, अंधाऱ्या खोलीत. जुनी लोखंडी शाई फिकी पडली असली तरी त्या उजेडात काळी दिसते कारण भोवतीचा कागद चमकतो आणि शाई चमकत नाही, त्यामुळे मोडीच्या ओळी पण वाचायला सोप्या जातील.

शिक्क्यात एखादं अक्षर जरी लागलं तरी काळ काढता येतो. जांभळी शाई म्हणजे छपाईच्या वेळचा शिक्का नव्हे, नंतरचाच. 'संस्थान' असेल तर १९४८ च्या आधीचा. पिनकोड असेल तर १९७२ च्या नंतरचा. 'वाचनालयांतील' असा अनुस्वार दिसला तर बहुधा १९६२ च्या आधीचा, कारण साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले तेव्हापासून हे अनुस्वार गेले. नक्की म्हणता येत नाही कारण जुना शिक्का झिजेपर्यंत वापरायची आपली पद्धत आहे, त्यामुळे '६२ नंतरही काही वर्षं तोच चालू असू शकतो.

वाचनालय कळलं की तिथली दाखल नोंदवही बघायला मागा. तारीख, दाखल अंक, ग्रंथाचं नाव, किंमत, कुणाकडून मिळालं आणि शेवटी शेरा असे रकाने असतात. 'कुणाकडून मिळालं' या रकान्यात खरेदी आहे की देणगी ते कळेल, देणगी असेल तर नावासकट. आणि शेऱ्याच्या रकान्यात पुस्तक बाद केलंय का ते कळेल. तो शेरा नीट बघा. तिथे बाद किंवा निर्लेखित असं काहीच नसेल तर ते पुस्तक कागदोपत्री अजून त्या वाचनालयाचंच आहे.

मोडीप्रेमी
मोडीचा फोटो टाकाल का? तिरप्या उजेडात एक आणि सरळ उजेडात एक. पानाचा कोपराही येऊ द्या.

पानगळ७
टाकले. टॉर्च आजच आणला, त्या उजेडातला फोटोही जोडलाय, खरंच ओळी ठळक दिसतात.

मोडीप्रेमी
वाचलं. नाव मुद्दाम इथे लिहीत नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय, कारण त्या आडनावाचं घराणं त्या गावात आजही असेल आणि त्यांना न विचारता चारचौघात मांडणं बरं नाही. बाकी मजकूर असा, हे पुस्तक अमुक अमुक यांणी विकत घेतले, मुक्काम पुणे, पौष शुद्ध ५ शके १७८ आणि मग भोक, पुढे क्षयनाम संवत्सरे.

भोक पडलेला आकडा संवत्सरावरून भरून काढता येतो. संवत्सरं साठ, क्षय हे शेवटचं, शके १७८० ते १७८९ या दहा वर्षांत ते एकदाच येतं, शके १७८८ ला. आता इसवी सन काढताना लोक डोळे झाकून ७८ मिळवतात आणि १८६६ लिहून मोकळे होतात, पण शक चैत्रात बदलतो आणि जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात. त्या वर्षीचा पौष जानेवारीत सुरू झाला होता. म्हणजे खरेदी जानेवारी १८६७ ची, पुण्यात. छापल्यावर साधारण दहा वर्षांनी.

एक महत्त्वाचं, 'विकत घेतले' आणि 'मुक्काम पुणे' असं दोन्ही लिहिलंय. पुण्यात राहणारा माणूस सहसा मुक्काम पुणे असं लिहीत नाही, बाहेरगावचा माणूस कामाला आलेला असताना लिहितो. कोर्टाचं काम, परीक्षा, काहीही असेल. मी याच्यावर पैज लावणार नाही पण डोक्यात ठेवा.

टेम्सकाठ
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी इंग्लंडमध्ये जुन्या छापील पुस्तकांचं कॅटलॉगिंग करते, मूळची सांगलीची.

मोडीप्रेमी यांनी जे केलंय ते अगदी बरोबर आहे, आणि पानगळ, तुम्ही ज्या खुणांना जीव लावलाय तेच आमचं रोजचं काम. आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथसूच्या पुस्तक सांगतात, प्रत सांगत नाहीत. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ ची मराठी ग्रंथसूची हे केवढं तरी मोठं काम आहे, त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही, पण त्यात मोल्सवर्थ १८५७ ही एक नोंद असणार. तुमच्या हातात जी आहे ती त्या नोंदीतली एक प्रत, आणि बाकीच्या प्रतींवर तुमच्या पाभरीचा अर्थ लिहिलेला नाही.

प्रतीला किती किंमत असू शकते याचं आपल्याच मातीतलं उदाहरण देते. गोव्यात छापखाना १५५६ ला आला, १५६३ ला जोआंव द एंदेमने तिथे गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पोर्तुगीज पुस्तक छापलं, त्यात आपल्या बाजारातली औषधं, मसाले, आंबा, सगळं संवादाच्या रूपात आहे. क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५६४-६५ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या दौऱ्यावर होता, तेव्हा त्याच्या हाती हे पुस्तक पडलं, आणि १५६७ मध्ये त्याने अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यातून त्याचं लॅटिन सार काढलं. युरोपातल्या बहुतेकांनी ओर्ता वाचला तो या लॅटिनमधून, गोव्याच्या छापील प्रती हाताच्या बोटावर मोजण्याइतक्याच लोकांपर्यंत गेल्या. क्लुसियसने ज्या प्रतीच्या समासात टिपणं केली ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गोव्याचं ज्ञान युरोपात कसं गेलं, काय गाळलं गेलं, काय नव्याने जोडलं गेलं, हे त्या एका प्रतीच्या समासांत दिसतं. कुणी 'पुस्तक खराब केलंय' म्हणून ते समास कापले असते तर?

आणि उलट उदाहरणही गोव्याचंच. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ ला छापलं, मग १६४९, मग १६५४. तीन आवृत्त्या निघूनही त्यातली एकही छापील प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. काव्य टिकलं ते हस्तलिखितांमुळे. त्यातलं देवनागरी हस्तलिखित विल्यम मार्सडेन या संग्राहकाकडे होतं, त्याने आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला आणि तिथून ते आजच्या सोएसमध्ये, म्हणजे लंडनच्याच स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये आलं. म्हणजे हस्तलिखिताचा प्रवास आपल्याला सांगता येतो आणि छापील पुस्तकाचा येत नाही. मला हे फार लागतं.

युरोपात पंधराव्या शतकातल्या पुस्तकांसाठी मटेरियल एव्हिडन्स इन इन्क्युनाब्युला नावाचा डेटाबेस आहे, क्रिस्तिना दोंदी यांनी उभा केलेला. त्यात प्रत्येक प्रतीचे टप्पे पाडतात, या काळात, या गावात, या माणसाकडे, आणि हे कशावरून, म्हणजे सही, शिक्का, बाइंडिंग, समासातली टीप. तुम्हीही वहीत तसंच लिहा. कशावरून हा रकाना कधीच रिकामा ठेवू नका, आणि अंदाज असेल तर अंदाज असं स्पष्ट लिहा. दोन टप्प्यांमध्ये पोकळी राहिली तर राहू द्या, ओढूनताणून जोडू नका.

खुणांचा आपसातला क्रमही बघा. इंग्रजी सही कापली गेलीय, म्हणजे सही बाइंडिंगच्या आधीची. समासातली टिपणं कापली गेलीत का? लाल नंबर शिवणीच्या इतका जवळ आहे की नवीन बाइंडिंगनंतर तिथे पेन पोचेल का? असं एकेक तपासलं की तारखा नसतानाही आधी काय, नंतर काय हे लावता येतं.

कागदवेडा
टेम्सकाठ ताईंना +१. फक्त एक कळकळीची विनंती, ही प्रत आता बाइंडरकडे नेऊ नका. माझ्याकडच्या जुन्या पोथीवजा शिळाछाप पुस्तकाचं एकाने तीन बाजूंनी कटिंग करून, वर रेक्झिन चढवून, चकचकीत करून दिलं, समासातल्या नावनिशीसकट सगळं गेलं आणि आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना कागद त्याने फेकून दिला. तो कागद म्हणजे पुरावा असतो हो. जुन्या पुठ्ठ्यांत रद्दीची छापील पानं, हिशेबाचे कागद, पंचांगाची पानं अस्तर म्हणून वापरलेली असतात, त्यावरून बाइंडिंग कुठल्या गावात, कधी झालं हे कळतं. तुमच्या प्रतीचं अस्तर सुटलं असेल तर आत डोकावून बघा, पण सोलू नका. खरवडलेल्या जागी मागून कागद पण चिकटवू नका, सेलोटेप तर अजिबात नको.

पाण्याचे डाग असतील तर लगेच पानशेतचा पूर म्हणू नका एवढं अजून सांगतो. पुण्यातून आलेल्या प्रत्येक डागाळलेल्या पुस्तकाला विक्रेते १२ जुलै १९६१ चिकटवतात, पण गळकं छप्पर कुठल्याही गावात असतं.

आणि ज्यांच्याकडे अशी जुनी मराठी पुस्तकं आहेत त्यांनी पुस्तकाच्या शेवटची आश्रयदात्यांची यादी वाचा. त्या काळात आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांची नावं गावासकट छापायचे, किती प्रती घेतल्या तेही कधी कधी असतं. पहिला मालक तिथेच सापडू शकतो. सरकारी खर्चाने छापलेल्या मोल्सवर्थला त्याचा उपयोग नाही, पण खाजगी छापखान्यांच्या पुस्तकांना होतो.

जुना_ग्रंथपाल
पाभर, कुळव हे शब्द देशावरचे. विदर्भ-मराठवाड्यातला माणूस पाभरीला तिफण म्हणाला असता. समासात तिफण कुठे आहे का बघा, कोशात तो शब्द निघतो तिथे. नसेल तर टिपणं लिहिणारा माणूस पश्चिम महाराष्ट्रातला, घाटावरचा धरून चालायला हरकत नाही, आणि वाचनालयही त्याच पट्ट्यात शोधा.

पानगळ७
सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्यामुळे बरंच काही हाती लागलंय, म्हणून धागा वर काढतोय.

समोरच्या पानावर उलटा ठसा आहे. नुसत्या डोळ्यांना फिकट डाग वाटत होता, फोटो फिरवला आणि कॉन्ट्रास्ट वाढवला तेव्हा '...चनालयांतील पुस्त...' आणि खाली गावाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं निघाली. अनुस्वार आहे. गाव सातारा जिल्ह्यातलं, वाचनालय आजही चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. तिफण या शब्दाशेजारी काहीच लिहिलेलं नाही, पाभरीशेजारी मात्र चार ओळी आहेत, किती फणांची, बैल किती लागतात, बी कोण सोडतं, हे सगळं लिहिलंय, आणि त्यातली शेवटची ओळ बाइंडिंगमध्ये अर्धी कापली गेलीय. म्हणजे टिपणं बाइंडिंगच्या आधीची. लाल नंबर मात्र कापण्याच्या जागेपासून लांब आहे, तो नंतरचाही असू शकतो.

वाचनालयात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी कपाटाच्या वरच्या खणातून जुनी नोंदवही काढून दिली, कोश विभागात ३१७ वर मोल्सवर्थ आहे, १९११ ची नोंद, 'देणगी', आणि देणगीदाराचं आडनाव तेच आहे जे मोडीप्रेमींनी वाचलं. गावही तेच. म्हणजे मुक्काम पुणे लिहिणारा माणूस खरंच बाहेरगावचा होता आणि कोश चव्वेचाळीस वर्षं त्या घरात राहिला. शेतीचे शब्द त्याच घरात कुणीतरी लिहिले असावेत, पण मोडी आणि बाळबोध अक्षर ताडून बघता येत नाही म्हणून टेम्सकाठ ताई सांगतात तसं अंदाज असंच लिहिलंय.

शेऱ्याचा रकाना कोरा आहे. बाद केल्याची नोंद कुठेच नाही. त्यामुळे प्रत मी परत देतोय. घेताना पैसे मोजले होते म्हणून वाईट वाटतंय असं नाही, पण माझं नाव त्या साखळीत खरेदी म्हणून लिहिणं मला जमणार नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांशी बोलणं झालंय, ते पोच देणार आहेत. मी फक्त एवढंच मागितलंय की शीर्षकपानावर पुन्हा शिक्का मारू नये आणि बाइंडिंगला देऊ नये, आणि देण्याआधी सगळ्या खुणांचे फोटो काढून एक संच त्यांच्याकडे नोंदवहीसोबत ठेवावा. सगळं त्यांनी मान्य केलं.

इंग्रजी सही अजून लागलेली नाही. खालचा अर्धा भागच आहे, शेवटी 'वाय' अक्षराची शेपटी आहे एवढं दिसतं. १८५७ ते १८६७ मधला कुणीतरी असावा, हाही अंदाजच.

टेम्सकाठ
फार छान केलंत. शेपटीवाली सही बघून लगेच थॉमस कँडीपर्यंत, म्हणजे कोशाच्या कामातल्या मोल्सवर्थच्या साथीदारापर्यंत जाऊ नका, तो तेव्हा पुण्यात होता हे खरं असलं तरी वायने संपणारी आडनावं ढीगभर आहेत. कँडीच्या सहीचा पक्का नमुना मिळाला आणि अक्षरांची वळणं जुळली तरच बोलायचं. तोवर 'सही, मालक अज्ञात, बाइंडिंगच्या आधीची' असंच राहू द्या.

प्रत परत देण्याआधी सहीचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, म्हणजे पुढे कुणाला नमुना मिळाला तर माप जुळवता येईल.

मोडीप्रेमी
ज्यांच्याकडे १८६७ च्या आधीची छापील मराठी पुस्तकं आहेत त्यांनी पुढची-मागची कोरी पानं बघा आणि मोडीत काही असेल तर याच धाग्यावर फोटो टाका, नावं झाकून टाकली तरी चालेल. मी आणि आमच्या मोडी वर्गातले दोघं-तिघं वाचून देऊ. फोटोत पुस्तकाचं नाव, साल आणि पान कुठलं ते लिहायला विसरू नका.